सत्त्याण्णव टक्के मामा

आपण कुठे आहोत हे माणसाला माहीत असून भागत नाही. ते त्याच्या गाडीलाही माहीत असावे लागते. हे सत्य जळगावच्या योगराज नानांइतके क्वचितच कोणाला पटले असेल. नानांनी पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षे नकाशे काढले. त्यामुळे नकाशा चुकतो हे त्यांना मान्य नाही. चुकतो तो रस्ता.

त्यांच्या गाडीतला नकाशा मात्र फार जुना. धुळ्याच्या चौपदरी रस्त्याची त्याला वार्ताच नव्हती. एरंडोल सोडले की पडद्यावरची गाडी कपाशीतून चालू लागे आणि आतली बाई 'मागे वळा' म्हणत राही. व्यवहारात याने काही अडत नसे. जळगावहून धुळ्याला जाणाऱ्या शंभर माणसांपैकी एकशे एकांना रस्ता माहीत असतो (जादा एक पारोळ्याला, न विचारता सांगायला उभा असतो). पण माहीत असणे वेगळे आणि अधिकृतपणे माहीत असणे वेगळे.

अशात भाची सारिकाचे लग्न ठरले. कार्यालय धुळ्याचे, मुहूर्त बारा पस्तीसचा. नाना एकुलते एक मामा, आणि मामाने हात धरून आणल्याशिवाय नवरी मांडवात उभी राहत नाही. एवढ्या जबाबदारीच्या कामाला जुन्या नकाशावर जाणे नानांना गैर वाटले.

शोरूमवाले हे काम करून देतात. पण माहितीपुस्तिकेत, पान एकशे त्र्याऐंशीवर, लिहिले होते की वापरकर्ता नकाशे स्वतः अद्ययावत करू शकतो. 'करू शकतो' याचा अर्थ नानांनी 'न केल्यास शिक्षण वाया गेले' असा घेतला. तीन दिवस फाइल उतरवून त्यांनी ती पेन ड्राइव्हमध्ये भरली, पेन ड्राइव्हला हळदकुंकू वाहिले (यंत्रणेने हरकत घेतली नाही) आणि लग्नाच्या सकाळी तो गाडीत खोचला. पडद्यावर तीन सूचना आल्या: इंजिन बंद करू नये, पेन ड्राइव्ह काढू नये, अंदाजे वेळ चाळीस मिनिटे. पैकी पहिल्या दोन खऱ्या निघाल्या.

काम चालू असल्याने नकाशा बंद होता. तेव्हा पत्नी धुरपदाबाई रस्ता सांगत गेल्या आणि गाडी सव्वाअकराला कार्यालयाच्या दारात लागली. पडद्यावर तेव्हा एकसष्ट टक्के होते. वेळेवर पोहोचल्याचे श्रेय नानांनी त्या एकसष्ट टक्क्यांना दिले आणि ते गाडीतच बसून राहिले. बारा दहाला सत्त्याण्णव झाले आणि तिथेच थांबले.

बरोबर शेजारचे नासीरभाऊ होते. त्यांचे सीट कव्हरचे दुकान. सारिका सुट्टीत मामाकडे आली की निम्मी त्यांच्याच घरी असायची. तिचे पहिले दप्तर त्यांनीच शिवले होते. ते म्हणाले, मी बसतो गाडीत, तुम्ही आत जा. नानांनी प्रस्तावाचा साकल्याने विचार केला. मामाने करायचे काय? हात धरायचा, वीस पावले चालायचे, मंगलाष्टके होईपर्यंत मागे उभे राहायचे. याला तांत्रिक ज्ञान लागत नाही. अपडेटला लागते. शिवाय पुस्तिकेत 'स्वतः' म्हटले होते.

बारा अठ्ठावीसला नानांची बहीण, म्हणजे नवरीची आई पुष्पाबाई, स्वतः बाहेर आली आणि तिने काचेवर टकटक केली. नानांनी काच चार बोटे खाली केली (बॅटरीवर भार नको).

"भाऊ, बठ्ठा तुमनी वाट दखी ऱ्हायनात," ती म्हणाली. आत सगळे खोळंबले होते.

"आलोच. सत्त्याण्णव झालेत," नाना म्हणाले. "तोवर नासीरभाऊंना ने. तेही घरचेच आहेत."

 पुष्पाबाईने पदर सावरला आणि ती नासीरभाऊंना आत घेऊन गेली.

सारिकाने नासीरभाऊंचा हात असा घट्ट धरला की ते मांडवापर्यंत डोळे पुसू शकले नाहीत, असे धुरपदाबाई सांगतात. नाना हजर नसल्याने याला दुजोरा देऊ शकत नाहीत.

बारा एकेचाळीसला काम पूर्ण झाले. गाडीतली बाई म्हणाली, 'आपण इच्छित स्थळी पोहोचला आहात.' आत बँड वाजत होता. नानांनी इंजिन बंद केले, आणि मग त्यांना जे रडू आले त्याची पुस्तिकेत कुठेही नोंद नाही.

पाठवणीच्या वेळी सारिका दोघांच्याही पाया पडली. नासीरभाऊंना तिने 'मामा' म्हटले आणि नानांना 'नाना'. सारे जगच त्यांना नाना म्हणते, तेव्हा तक्रारीला जागा नाही. परतीच्या वाटेवर गाडी पडद्यावर अगदी रस्त्याच्या मधोमध चालत होती. बघायला कोणी मान वर केली नाही.

आपण हसलात. हसावेच. मात्र हे वाचत असताना आतून कोणीतरी आपल्याला दोनदा हाक मारली आणि आपण नजर न काढता 'आलोच' म्हणालात. आता तिसरी हाक येते का, तेवढे ऐका.