गालाची परीक्षा

"आई, या झाडांची सुतं कुठं गेली?" जागृतीने विचारलं.

"कापली," तिच्या सासूबाई, नीराबाई म्हणाल्या. "बाई बघायला यायची म्हणून झाडं जरा नीट केली. जाल्याचा धागा सुटला तर आपण ठेवतो काय तसाच?"

जागृती वाकून एकेक पान निरखू लागली. नागावात तिने रोपवाटिका काढली त्याला जेमतेम वर्ष होत होतं, आणि किशोरी मॅडम हे तिचं पहिलं मोठं गिऱ्हाईक. निवृत्त प्राध्यापिका. वाळवंटातल्या युक्का झाडांवर त्यांनी प्रबंध लिहिला होता. त्यांना रोस्ट्राटा नावाची सहा रोपं हवी होती. गाडीतून उतरली बारा: सहा रोस्ट्राटा आणि एका हॉटेलसाठी सहा एलाटा. दोन्ही दिसायला सख्ख्या बहिणी. फरक एवढाच, की एलाटाच्या पानांच्या कडेला बारीक पांढरी सुतं लोंबतात.

लोंबत होती.

"आणि नावांच्या चिठ्ठ्या?"

"त्या पन काढल्या. नव्या लुगड्याला कोन चिठ्ठी ठेवतो?" नीराबाईंनी वर बाराही कुंड्या धुऊन, उंचीप्रमाणे रांगेत लावल्या होत्या. वर्गात मुलं उभी करावीत तशा.

जागृतीने रोपं पाठवणाऱ्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "सोपं आहे ताई. रोस्ट्राटाच्या कडेला बारीक दाते असतात. बोट फिरवा, खरखरीत लागेल."

बोटं फिरली. जागृतीच्या हाताला कुदळीचे घट्टे, नीराबाईंच्या हाताला चाळीस वर्षं मासे कापल्याचे. नवऱ्याला, विनेशला बोलावलं, तर होडीचे दोर ओढून त्याचे तळवे नारळाच्या करवंटीसारखे झालेले. त्याला बाराही झाडांची पानं रेशमासारखी लागली.

"मऊ कातडी पाहिजे," जागृती म्हणाली. "गाल लावून बघा."

"माझाच का?"

"आज सकाळी दाढी कोणी केली?"

विनेश बिचारा गुडघ्यांवर बसला. डोळे मिटून एकेका पानावर हळुवार गाल घासू लागला. "ही खरखरते... ही न्हाय... आई गं, ही तर चावलीच!" नीराबाई विटेच्या तुकड्याने कुंड्यांवर फुल्या मारत होत्या. तो बाराव्या रोपाशी असताना मागून आवाज आला, "हे काय चाललंय?"

किशोरी मॅडम अर्धा तास आधीच आल्या होत्या.

जागृतीने एका दमात सगळं सांगून टाकलं. मॅडमनी चष्मा सावरला, रांगेपुढून एक फेरी मारली आणि सहा रोपांवर बोट ठेवलं. "ही रोस्ट्राटा. यात समजायचं काय एवढं?"

"ती कोपऱ्यातली न्हाय," विनेश म्हणाला. "आणि ती मधली पन न्हाय."

"तुम्ही कुठं शिकलात वनस्पतिशास्त्र?"

"न्हाय शिकलो. पन गाल माझा हाय."

मॅडम कडाडणार असं वाटलं. पण त्यांनी पदर खोचला, वाकल्या आणि कोपऱ्यातल्या पानावर स्वतःचा गाल टेकवला. मग मधल्या. मग विनेशने दाखवलेल्या एका पानावर. "आई गं!" म्हणून त्या उठल्या. गालावर लाल रेघ उमटली होती. मग त्यांनी विनेशच्या गालाने निवडलेली सहा रोपं गाडीत चढवायला सांगितली.

विनेश कुंड्या उचलू लागला. तेवढ्यात मॅडमनी जागृतीला आंब्याच्या आडोशाला ओढलं.

"ऐक. मी तीस वर्षं ही पानं वाळवून, कागदावर चिकटवून तपासली. जिवंत झाड आज पहिल्यांदा हात लावून बघतेय." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "माझ्याकडं तुळससुद्धा जगत नाही गं. याला पाणी किती घालायचं?"



"तुम्ही काहीच घालू नका मॅडम," जागृती म्हणाली. "दर रविवारी मीच येत जाईन. तुम्ही फक्त लांबून त्यांची शास्त्रीय नावं घ्या."