दोन बोटांच्या आतली नऊ भोकं

श्रीविश्वकर्मा प्रसन्न, वजनकाटा साक्ष. ही हकीकत मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केली आणि दोनदा पुसली, कारण यात माझी शोभा होते. तरी जे जाहले ते जाहले, म्हणून लिहितो.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, माघमासी, एका राज्यात, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, सरकारांच्या मनी आले की आपल्या मुलखात दोन सीटची शर्यतीची गाडी सिद्ध व्हावी, आणि तिचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असावा, आणि तो अठ्ठावन्न किलोंच्या वर एक ग्रॅम जाऊ नये. मग शेड उभी राहिली, नळ्या आल्या, पट्ट्या आल्या, आणि कारभार दिवाण वैजयंताबाईंकडे गेला, आणि वेल्डिंगची मनसब दस्तगीर मुजावर यास मिळाली. दस्तगीर माझा मित्र. मजकडे ड्रिल, कानस आणि वजनकाटा. मी कॉलेजात गेलेला नव्हे, व्हिडिओ पाहून शिकलेला, आणि हे लपवीत नसे, उलट मिरवीत असे. राज्यात रिवाज दोन. ज्याने सांधा जोडला त्याने शेजारी काळ्या मार्करने सही करावी. आणि दर शनिवारी सांगाडा काट्यावर चढवून सर्वांनी भोवती उभे राहावे आणि आकडा एकसुरात मोठ्याने वाचावा. तिसरा कायदा दस्तगीरने तोंडी केला होता. म्हणाला, "हे बघ मर्दा, ॲल्युमिनियमला वेल्डिंगचा टॉर्च लागला की सांध्याच्या बाजूला दोन बोटं मऊ पडतंय. दिसायला तसंच, आतून लोणी. तिथं तुझं ड्रिल घेऊन यायचं नाही. कळलं?" मी म्हटले, "कळलं की." तो म्हणाला, "कळलं म्हणतोस आणि बघतोस मोबाइलमध्ये."

मग शनिवार आला आणि सर्वांनी आकडा वाचला तो अठ्ठावन्न किलो चारशे. सरकार म्हणाले, "चारशे ग्रॅम म्हणजे काय हो, दोन पेले पाणी. काढा कुठून तरी." दिवाणबाई म्हणाल्या, "नव्या पट्ट्या कापून बसवायला आठवडा लागेल, सरकार." सरकार म्हणाले, "प्रदर्शन बुधवारी आहे, बाई." तेव्हा मी पुढे होऊन म्हणालो, "मी काढतो, भोकं पाडून." आणि रविवारी एकटा बसून पट्ट्यांना भोकं पाडू लागलो. एका भोकाला साडेतीन ग्रॅमच्या आत-बाहेर निघत. एकशे अकरा भोकं दोन बोटं सोडून नेमकी पाडली, आणि मग जागा संपली, आणि वीस-पंचवीस ग्रॅम राहिले. मग मी डाव्या मागच्या चाकाच्या पट्टीला, खालच्या अंगाने, जिथे कोणी वाकून पाहत नाही तिथे, सांध्याला लागून नऊ भोकं पाडली आणि कोणास बोललो नाही. सोमवारी काट्याने अठ्ठावन्नाला आठ ग्रॅम कमी दाखविले. टाळ्या जाहल्या, सरकारांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि खरे सांगतो, मला ते फार आवडले.

मंगळवारी सरदार इंद्रजित गाडी घेऊन चाचणीच्या चकरेवर उतरले. दहा फेऱ्या बाणासारख्या गेल्या आणि अकराव्या फेरीत डावे मागचे चाक मांडी घालून बसले, आणि गाडी डांबरावर घासत गवतात जाऊन थांबली. इंद्रजित मनगट धरून बाहेर आले आणि म्हणाले, "काय जोडलंय रे हे, चिंगम?" चाक सोडवायला मीच गेलो. चाकाकडचा तुकडा तिकिटाच्या कडेसारखा दातेरी फाटला होता. मी तो भंगाराच्या पिंपात टाकला. सांगाड्याकडची कड घासून गुळगुळीत जाहली होती, तिच्यात काही ओळखू येईना. शेजारी सही मात्र शाबूत. दिवाणबाईंनी वाचली. दस्तगीर म्हणाला, "सांधा माझाच आहे, मॅडम." मग हुकूम सुटला की दस्तगीरचे एकशे बारा सांधे कापून दुसऱ्या हाताने जोडावे, आणि दस्तगीरने पट्ट्या कापाव्या. त्याने हातमोजे काढून टेबलावर ठेवले. मी तिथेच उभा होतो.

त्याउपरी तीन दिवस काम सुटल्यावर दस्तगीर नमुन्याचे तुकडे जोडी, आणि पकडीत धरून हातोड्याने तोडी, आणि पुन्हा जोडी. शुक्रवारी म्हणाला, "सत्तर तोडले बघ. एकबी सांध्यावर तुटत नाही. मग तोच का तुटला? गॅस कमी पडला असंल?" आणि हात माझ्यापुढे धरून म्हणाला, "कापतोय का रे? नीट बघून सांग." मी पाहिले. हात दगडासारखा स्थिर होता. मी "नाही" म्हणालो आणि घरी गेलो.

शनिवारी सांगाडा मोडका, काट्यावर चढवण्याजोगा नव्हता, तरी रिवाज म्हणून सगळे जमले. मी पिंप उपसून तो तुकडा आणला आणि काट्यावर ठेवला, आणि लोकांनी सवयीने आकडा वाचला, "एकशे दहा ग्रॅम!" मग दिवाणबाईंनी तुकडा उचलून कडेवरची अर्धी भोकं मोजली. "नऊ. कुणी पाडली?" मी म्हटले, "मी." "दोन बोटांचं माहीत नव्हतं?" "माहीत होतं." इंद्रजित प्लास्टरातला हात वर करून म्हणाले, "सांगायला चार दिवस लावलेस की रे!" मग मजकडून ड्रिल काढून घेतले, सांधे कापण्याचा हुकूम, जो अजून अमलात आला नव्हता, रद्द जाहला, दस्तगीरला वेल्डिंगची मनसब परत मिळाली, आणि भोकालाही सही असावी असा नवा रिवाज पडला. सरकारांनी मर्यादा साठ किलो केली आणि कोणी का म्हणून विचारले नाही.

दस्तगीरपाशी गेलो तेव्हा तो म्हणाला, "सांधा तुटला त्याचं काय नाही, लेका. मी तुला हात दाखवला. तू बघितलास. आणि नुसतं 'नाही' म्हणालास." तो पुढे म्हणाला, "आता मला माझाच हात रोज बघावा लागतोय."

एकूण ऐसे: भोकं एकशे वीस, पैकी वाईट नऊ. बुधवारचे प्रदर्शन गेले, इंद्रजितांचे मनगट सहा आठवडे बांधलेले, आणि एकशे बारा सांधे जिथल्या तिथे आहेत, त्यांत दोष नाही, हे वाचणाऱ्याने ध्यानी ठेवावे. आणि दस्तगीर, तुला तोंडावर सांगता आले नाही म्हणून इथे लिहितो. गाडी तुझ्या हाताने पुन्हा जोडून होईल, तेव्हा पहिल्या चाचणीला इंद्रजितांच्या शेजारच्या सीटवर मी बसेन, शेवटच्या फेरीपर्यंत. मला एसटीतसुद्धा उलटी होते हे तुला माहीत आहे. तरी बसेन.