मिस कॉलास विद्यापीठी मान मिळाला त्याची हकीकत

श्रीवाग्देवीस नमन करून ऐकिले तितके लिहितो, पदरचे थोडेच घालितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, माघमासी एका विद्यापीठाचे मुलखी, मराठी विभागाचे राज्यात मोठा पेच पडला. राज्याचे अधिपती दामोदरपंत केळुसकर. सारा जन्म जुन्या पोथ्यांची धूळ झाडण्यात वेचिला, आणि आता निवृत्ती उंबऱ्याशी आली, आणि आपले मागे या पोथ्यांस कोण पाहील ही चिंता जिवास लागली. कालिंदी बनसोडे नामे विद्यार्थिनी पंतांची लाडकी, तिचेच हाती पोथ्या सोपवाव्या ऐसे मनी धरिले होते. तो तिणे पीएच.डी.स विषय मागितला मिस कॉलचा. बोलणे फुकट जाहले तरी लोक एक रिंग देऊन फोन का ठेवितात, याचा शोध करीन म्हणाली. पंतांस फार वाईट वाटले. रागे भरावे तर पोर गुणाची, आणि होय म्हणावे तर पोथ्या पोरक्या.

मग समितीचा दरबार भरला, आणि बाहेरील परीक्षक डॉ. वर्टी यांची स्वारी दूरदेशीहून आली, आणि चहा-बिस्किटे जाहली, आणि पंतांनी पुसिले, "कालिंदी, जिथे कोणी काही बोलतच नाही, तिथे तू वाचणार काय?"

"सर, पोथीतली कोरी जागासुद्धा वाचायची, हे तुम्हीच शिकवलंत."

पंत मनी सुखावले, परंतु मन घट्ट केले आणि नकाराचा शेरा लिहावयास पेन उचलिले. ऐसियात टेबलावरचा त्यांचा फोन वाजला. पंतांचे कुटुंब इंदुमतीबाई त्या दिवशी एसटीने बहिणीकडे गेल्या होत्या. पोचताच एक रिंग द्यावी आणि पंतांनी न उचलता समजावे, हा उभयतांचा कैक वर्षांचा रिवाज. सकाळपासून पंतांचे अर्धे चित्त त्या रिंगेपाशीच होते, आणि ती येताच मुखावर जी तरतरी आली ती सर्वांनी पाहिली. परंतु वर्टीसाहेब पडले सौजन्याचे पुतळे. पंत लिहिण्यात गुंतले ऐसे समजून त्यांनी चपळाईने फोन उचलिला आणि "नमस्कार" म्हणाले. झाले. पलीकडचा आवाज साऱ्या दरबाराने ऐकिला.

"कोण बोलतंय? ह्यांना काय झालं?"

पंतांनी फोन ओढून घेतला. "काही नाही गं. बरा आहे मी."

"मग उचललात कशाला? माझे हातपाय गळाले ना इथे."

"पोचलीस ना?"

"पोचले म्हणून तर रिंग दिली. जेवा वेळेवर."

वर्टीसाहेब बिस्किटाकडे पाहात बसले. कालिंदी हसली नाही, जिंकल्याचा आव आणिला नाही, मान खाली घालून उभी राहिली. ते पाहून पंतांस तिची फार माया आली.

"हे आत्ता जे मोडलं, त्याला तुमच्या शास्त्रात काय म्हणतात गं?"

"अजून नाव नाही, सर. शोधायचंय."

"मग शोध. पण आठवड्यातला एक दिवस पोथ्यांना दे. मी गेल्यावर त्यांना कोणी नाही."

"दोन देईन, सर."

पंतांचे डोळे भरून आले, आणि मग सही जाहली. संध्याकाळी कचेरीतून निघताना पंतांनी आजवर केले नव्हते ते केले. आपण होऊन बाईंस एक रिंग दिली. बाईंनी उचलिली नाही, तेव्हा राग गेला हे पंतांस कळले.

सारांश, विषय मंजूर जाहला, पोथ्यांस आसरा राहिला, वर्टीसाहेब परक्याचे फोनास हात लावीनासे झाले, आणि दामोदरपंत निवृत्त होईतो रोज निघताना एक रिंग देत गेले, ती बाईंनी एकदाही उचलिली नाही. येथे लेखणी ठेविली.