रिकाम्या थिएटरातला तिसरा माणूस

सावद्याचा हितेंद्र आणि त्याची बायको कामिनी भाचीच्या लग्नाची खरेदी करायला जळगावला आले होते. निम्मी खरेदी होईतो मे महिन्याचं ऊन असं तापलं, की हितेंद्रला थिएटरचा एसी आठवला. कोणता सिनेमा लागलाय हे दोघांनी आत बसल्यावर पाहिलं. गूढ मृत्यूंचा छडा लावणाऱ्या एका वार्ताहराची गोष्ट होती. पेपरवाल्यांनी सिनेमाला झोडपून काढलं होतं, त्यामुळे थिएटर रिकामं होतं. फक्त मागे एक दाढीवाला माणूस बसला होता.

पहिला खून झाला तेव्हा हितेंद्रने जांभई दिली. कामिनीने सहज मागे पाहिलं, तर तो माणूस पडदा सोडून त्यांच्याकडेच बघत होता. दुसऱ्या खुनाला तो दोन रांगा पुढे सरकला. कामिनीने मंगळसूत्र पदराखाली घेतलं.

"तो मानूस आपल्याकडेच पाहून राह्यला," ती कुजबुजली.

सिनेमा तुझ्या डोक्यात शिरला, असं म्हणून हितेंद्रने तिला गप्प केलं. पण मध्यंतरात तो माणूस दारातच येऊन उभा राहिला आणि त्याने हळूच विचारलं, "जाणार नाही ना तुम्ही?" तेव्हा हितेंद्रलाही एसीत घाम फुटला.

पुढच्या खुनाला पडद्यावर अंधार झाला, तशी दोघं वाकून बाहेर सटकली. मागे पावलं वाजली. पार्किंगमध्ये हितेंद्र किका मारत सुटला, गाडी काही सुरू होईना. माणूस जवळ आला. कामिनीने आहेराची तांब्याची कळशी दोन्ही हातांनी उगारली.

"ताई, शेवट तरी बघायचा होता," तो धापा टाकत म्हणाला. "मी योगराज, धुळ्याचा. सिनेमा माझाच आहे."

कामिनीने कळशी खाली घेतली. नोकरी सोडून त्याने तो सिनेमा काढला होता, आणि आता लोक कुठे दचकतात ते बघत थिएटरं पालथी घालत होता. अजून कोणी दचकलं नव्हतं. दोघं ओशाळली आणि त्याच्यासोबत परत आत गेली. पण कोणीच उरलं नाही म्हणून ऑपरेटरने खेळ बंद करून टाकला होता.

मग योगराजने पायरीवर बसून शेवट सांगितला. वार्ताहर मेलेल्यांच्या बातम्या लिहीतच नव्हता; तो ज्याची बातमी लिही, तोच मरे. हे कळल्यावर तो एकटाच टेबलाशी बसतो आणि स्वतःच्या नावाची बातमी लिहायला घेतो. सांगता सांगता योगराजचा आवाज खोल गेला. कामिनीच्या हातावर काटा आला. तिने तो नवऱ्याला दाखवला.

"इतकं भारी होतं," ती योगराजला म्हणाली, "तर आम्ही पाहिलं त्या सिनेमात का बरं नाही घेतलं?"

योगराजने दाढी खाजवली.

"पुढच्या सिनेमात घेतो, ताई."