काळ्या शेळीची पांढरी पिल्लं

"लिहा, रामकिसनराव. 'घारीसारखी नजर, समुद्रासारखी खोल बुद्धी, आणि पकडल्या गेलेल्या गुन्हेगारालाही आपलासा वाटावा असा चेहरा. बोईसर-तारापूर पट्ट्यात खंडेरावांना कोण ओळखत नाही?'"

खंडेराव स्वतःबद्दल सांगत होते, मी लिहिलं. शेवटी प्रश्नचिन्ह द्यावं की नाही, याची मला शंका होती. दिलं तर एखादा उत्तर द्यायचा. गुन्हेगार त्यांनी अजून पकडलेला नाही, हेही खरं. पण चेहरा आपलासा आहे.

खंडेराव पूर्वी एका कारखान्याच्या गेटवर कामगारांचे डबे उघडून बघत असत. निवृत्तीनंतर त्यांनी हीच जिज्ञासा मोकळी सोडली आणि ते गल्लीचे गुप्तहेर झाले. मी आयुष्यभर पालघरच्या एका वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली. माणसांशी बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. खंडेरावांचा मदतनीस म्हणून मी टिकलो तो त्यामुळेच. त्यांच्याकडे दुसऱ्याला बोलायला मिळत नाही.

त्यांच्या खोलीत खुर्चीच्या मागे त्यांचा एक मोठा फोटो आहे. पाच महिन्यांपूर्वीच्या चपला-प्रकरणात शेळ्या राखणाऱ्याचं सोंग घेतलं होतं, तेव्हाचा. (चपला कुत्र्याने नेल्या होत्या. ते एका आजीबाईंनी सांगितलं.) त्या फोटोला खंडेरावांनी स्वतःच प्लास्टिकचा जाड हार घातला आहे, त्यामुळे नवीन माणूस आत आला की आधी दुखवटा व्यक्त करतो.

त्या सकाळी मात्र सोजराबाई आल्या त्या उंबऱ्यावरूनच बोलत.

"आवो खंडेराव, माजी काळी याली!"

"अभिनंदन."

"कशाचं अभिनंदन? दोन पिल्लं, अन् दोन्ही पांढरी फेक!"

सोजराबाई मूळच्या परांड्याकडच्या, नवरा कारखान्यात. आमच्या गल्लीचं एक टोक कोळीवाड्याला लागतं, दुसऱ्या टोकाला कारखान्यातल्या लोकांच्या खोल्या. त्यांच्या भावाने त्यांना उस्मानाबादी शेळी वाट्याने दिलेली. म्हणजे सांभाळायची बहिणीने, आणि पहिल्या वेताचं एक पिल्लू भावाचं. ही जात पाळतात मटणासाठी, आणि बहुतेकदा जुळी देते म्हणून. रंग काळाभोर. सोजराबाईंनी तिला मुद्दाम टेम्पोत घालून मनोरला एका काळ्या बोकडाकडे नेलं होतं. तरी ही पिल्लं!

"भाऊ रविवारी यायलाय. त्याचं मी बगून घेईन," सोजराबाईंचा आवाज खाली आला. "पर कोळीवाड्यातली गोदू माज्याशी बोलंना. मी म्हनलं, तुज्याच पांढऱ्या बोकडाचं काम आसंल. ती भडकली. इतक्या वर्सांत रोज ती बोंबील द्यायची, मी शेंगदान्याची चटनी. आता चटनी तशीच पडून हाय. बाप कोन ते शोधा. मंजी माफी तिनं मागायची का मी, ते तरी कळंल."

"बाप कोण!" खंडेराव उभे राहिले. "रामकिसनराव, टेप घ्या."

आम्ही पिल्लांचे कान मोजले. एका पिल्लाने टेप चावून पाहिली. खंडेराव म्हणाले, "पांढरा रंग, उंच बांधा. जमनापारी!" मी घरून आणलेली शेळीपालनाची पुस्तिका चाळली. जमनापारी वासराएवढी होते, कान हातभर लोंबतात, नाक पोपटासारखं, दुधासाठी पाळतात. या पिल्लांचे कान तर बोटभर होते. पण मी चुकीचं पान वाचत असेन, असं वाटून पुस्तिका मिटली.

सरावलीच्या विक्रमकडे जमनापारी आहे. आम्ही गेलो.

"काका, आहे ना," विक्रम म्हणाला. "पण ती शेळी आहे. बोकड नाही."

"असं ती म्हणते," खंडेराव हळूच मला म्हणाले.

पुढचा संशय मनोरच्या हायवेवरच्या एका ढाब्यावरच्या सिरोही बोकडावर. सिरोही अंगावर तपकिरी ठिपक्यांचा, मटणासाठी पाळलेला. खंडेरावांनी तो कुठे आहे, असं विचारलं. ढाबेवाल्याने पातेल्याकडे बोट दाखवलं.

"साक्षीदार संपवण्यात आला," खंडेराव म्हणाले, आणि एक प्लेट मागवली.

परतताना त्यांना कोकण कन्याळ आठवली. भर पावसात टिकणारी जात, तीही मटणाची. पण तिच्या तोंडावर पांढरे पट्टे असतात, अंग काळं. मी तसं चाचरत सांगितलं.

"पट्टे पसरू शकतात," खंडेराव म्हणाले.

शेवटी गोदूबाईंचा जबाब. त्यांच्याकडे सुरती शेळ्या आहेत, ठेंगण्या, पांढऱ्या, घरच्या दुधासाठी. बोकड जुन्या जाळ्याच्या कुंपणात उभा होता.

"माजा बोकड कुंपनाभायेर जात नाय," गोदूबाई कडाडल्या. "मी घरी नसले तरी यांना ताकीद हाय. इचारा यांना!"

त्यांचे यजमान कमलाकांत जाळं शिवत बसले होते. "नाय, नाय," ते मान वर न करता म्हणाले.

"निष्पाप माणूस," बाहेर आल्यावर खंडेराव म्हणाले. "हात जरासुद्धा थांबला नाही."

कमलाकांत जाळ्याबरोबर स्वतःच्या लुंगीचं टोकही शिवत होते, असं मला दिसलं होतं. पण माझा चष्मा जुना आहे.

शनिवारी संध्याकाळी खंडेरावांनी सगळ्यांना खोलीवर बोलावलं. सोजराबाई एका भिंतीला, गोदूबाई समोरच्या भिंतीला, आणि कमलाकांत दाराजवळ, चप्पल न काढता.

"बाप," खंडेराव म्हणाले, "मनोरचा काळा बोकडच. मग पिल्लं पांढरी का? खारं वारं! पाच महिने समुद्राची हवा! मिठाचा रंग कोणता?"

"मंग आमी सगळे कोळी पांढरे व्हायला पायजे होतो," गोदूबाई म्हणाल्या.

सोजराबाईंना हसू आलं, पण बोलणं बंद असल्यामुळे ते त्यांनी गिळलं आणि तोंड फिरवलं. समोर हार घातलेला फोटो. सवयीने त्यांनी हात जोडले. मग जवळ गेल्या. मग हार बाजूला सारला.

"गोदू," त्या किती दिवसांनी म्हणाल्या, "इकडं ये. ह्यो तुजा बोकड न्हवं?"

गोदूबाई आल्या. "माजाच. त्याच्या गल्यात माज्या जाल्याची निली दोरी हाय."

"अन् ही माजी काळी. माज्याच दारातली खुंटी. एकाच खुंटीला दोगं!"

फोटो मीच काढला होता. मिशीकडे लक्ष ठेवा, असं खंडेरावांनी बजावलं होतं, म्हणून मी मिशीकडेच पाहिलं. त्या मिशीच्या मागे, हाराआड, आमचं प्रकरण पूर्ण होत होतं.

गोदूबाई सावकाश दाराकडे वळल्या. "आवो. आमी दोगी उमरोलीला लग्नाला गेलेलो, तवा?"

"खंडेरावांना सोंगाला पायजे होता," कमलाकांत पुटपुटले. "दुपारपुरता तर दिला."

"पुरावा," खंडेराव घसा साफ करून म्हणाले, "पहिल्यापासून माझ्या पाठीशी होता."

आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. सोजराबाई भिंतीला टेकल्या, गोदूबाईंनी पदर तोंडात धरला.

"माफी मी मागू का तू?" सोजराबाईंनी विचारलं.

"माफी कसली? सोयरीक झाली आपली. इहीन तू माजी!"

रविवारी भाऊ आला. गोदूबाईंनी ताटात बोंबील मांडून आणले, वर रुमाल, अगदी रुखवतासारखे. सोजराबाईंनी चटणीची बरणी काढली. भाऊ बराच वेळ पांढऱ्या पिल्लाकडे पाहत राहिला, तेव्हा त्याला सांगण्यात आलं की आई उस्मानाबादी, बाप सुरती, मटणाचं घर आणि दुधाचं घर एक झालंय. त्याने पिल्लू उचललं.

मग दोघी विहिणींनी सोयरीक जुळवणाऱ्याचा मान म्हणून खंडेरावांना टॉवेल-टोपी दिली. खंडेराव भारावले. हा मान तपासाचा आहे, असं त्यांना वाटलं. सांगावं की नाही, ते मला ठरवता आलं नाही.

टोपी घालून, बोकडाची निळी दोरी हातात धरून ते ताठ उभे राहिले. "फोटो, रामकिसनराव!"

या वेळी मी मिशीच्या मागेही नीट पाहिलं. दोघी विहिणी एकमेकींना घास भरवत होत्या. दोरीचं एक टोक खंडेरावांच्या मुठीत होतं. दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं.

मी फोटो काढला.