पाचवा मुद्दा कोरा

जिन्यात एक लांब शिट्टी वाजली, म्हणजे "आहात तिथे थांबा". आणि लगेच ती शिट्टीच कठड्यावरून खाली पडली.

मुद्दा एक, परिस्थिती. बाबा खालच्या पायरीवर, काका वरच्या पायरीवर, दोघांच्या हातांत तिरकं लोखंडी कपाट. वळणावर कपाटाचं दार धाडकन उघडलं आणि दारामागच्या कोपऱ्यात सेनापती कोंडली गेली. सेनापती म्हणजे घरातली मुलगी. कॉलेजचं शेवटचं वर्ष, विषय लष्करी नेतृत्व.

मुद्दा दोन, उद्दिष्ट. कपाट तळमजल्यावर आत्याकडे पोचवणे. हे झालं कागदावरचं. लेखी परीक्षेत सेनापतीचा बोऱ्या वाजला होता. आता उरलं प्रात्यक्षिक: पाच मुद्द्यांचा आदेश लिहून काढायचा आणि खऱ्या माणसांकडून खरं काम करून घ्यायचं. ते बघायला निवृत्त मेजर असलेले सर दहा वाजता येणार होते. यातही नापास, तर वर्ष गेलं.

"खाली ठेवा!" कोपऱ्यातून आवाज आला.

"शिट्टी?" बाबा म्हणाले.

"पडली!"

"मग नाही ठेवता येणार. तोंडी हुकूम मानायचा नाही, तूच लिहिलंयस."

मुद्दा तीन, कार्यवाही. हे मात्र खरंच तिनंच लिहिलं होतं. कारण बाबा आणि काका दोघंही जन्मजात हुकूम सोडणारे; रंगीत तालमीत एकानं "डावीकडे" म्हटलं की दुसरा "उजवीकडे" म्हणायचा. म्हणून एक छोटी शिट्टी उचला, दोन छोट्या शिट्ट्या ठेवा, बाकी सगळ्यांची तोंडं बंद. मुद्दा चार, साहित्य: शिट्टी एक, कपाटाची किल्ली बेपत्ता.

"अहो बाबा, हात तुटतील तुमचे!"

"तुटू देत. पोरीचं वर्ष वाचलं पाहिजे," बाबा दातओठ खात म्हणाले.

"सेनापती," काका वरून कण्हले, "माझा एक हात आत्ताच सेवानिवृत्त झालाय."

कोपऱ्यात सेनापतीचे डोळे भरून आले. जन्मात कुणाचं न ऐकणारे हे दोघं भाऊ तिच्यासाठी थरथरत, पण शिस्तीत उभे होते.

तेवढ्यात सर जिना चढून वर आले. एका हातात शिट्टी, दुसरा हात कपाळावरच्या टेंगळावर.

"इथे प्रमुख कोण?"

"ती दारामागे आहे," बाबा म्हणाले.

"तिच्यानंतर आज्ञा कोणाची?"

बाबांनी काकांकडे पाहिलं, काकांनी बाबांकडे. मुद्दा पाच, माझ्यानंतर कोण: कोरा. बाबांचं नाव लिहिलं तर काका रुसणार, काकांचं लिहिलं तर बाबा.

"ठेवा खाली," वरून आवाज आला.

कपाट तत्काळ खाली टेकलं. शिट्टी नाही, विचारणा नाही. घराच्या दारात आई उभी होती. तिनं खाली येऊन कपाटाचं दार लोटलं, पदराच्या गाठीतली किल्ली काढली आणि कुलूप लावलं.

"किल्ली तुझ्याकडे होती?" सेनापती कोपऱ्यातून बाहेर येत म्हणाली.

"सकाळपासून. पण मला कोणी मोहिमेत घेतलंच नाही ना."

पुढच्या सात मिनिटांत कपाट आत्याकडे पोचलं. आई फक्त "जरा इकडे" आणि "हं" एवढंच म्हणत होती.

सरांनी आदेशाचा कागद मागितला. सेनापतीनं तो देण्याआधी पाचव्या मुद्द्यापुढे लिहिलं: आई.

"हे नाव उशिरा आलं," सर म्हणाले.

"हो सर. एकवीस वर्षं उशीर झाला."

आईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण किल्लीची गाठ तिला दोनदा बांधावी लागली.

सरांनी बराच वेळ कागद न्याहाळला आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं: पास, काठावर. मग ते निघायला वळले.

"बसा," आई म्हणाली. "त्या टेंगळाला गार पाणी लावते."

ज्यांच्यापुढे अख्खा वर्ग श्वास रोखून उभा राहायचा, ते सर निमूट बसले. शिट्टी त्यांच्याच खिशात होती.