न हलणारा आकडा

हर्षलच्या कंपनीतली थंडीच्या चाचणीची पेटी बिघडली, म्हणून तो आपली चिप घेऊन पिंपळगाव बसवंतला निवृत्तीमामांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेला. चिप कानाच्या मशीनसाठी होती. आवाजातला हवा तेवढा भाग पुढे सोडायचा आणि बाकीचा अडवायचा, हे तिच्यातल्या फिल्टरचं काम. कुठून अडवायचं ती सीमा लागेल तशी सरकवता येई. पण एका सेलच्या निम्म्या व्होल्टेजवर चालताना ती थंडी-उकाड्यात आपोआप सरकता कामा नये, आणि तिथेच सगळ्यांनी हात टेकले होते. बनून आलेल्या चिपांपैकी ही एकच धड चालत होती. हीसुद्धा टिकली नाही तर प्रकल्प बंद, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं.

त्याने सीमा एक किलोहर्ट्झवर लावली. चिप ज्या डबीत बसवली होती ती दर तासाला ही सीमा मोजून नोंदवून ठेवी; तिच्या काचेवर 1.0 उमटलं. डबी द्राक्षांच्या खोक्यांवर ठेवून तो मामांबरोबर जेवायला गेला.

परत आला तर डबी नव्हती, आणि खोकीही नव्हती. माल भरण्यावर चिमणाबाईची देखरेख असे. तिला विचारलं.

"ती व्हय? कंटेनरमधी लावली की."

"का?"

"टेंपरेचरची डबी लावावीच लागती. आकडा एकवर व्हता, द्राक्षालाबी एकच लागतं. म्हनलं, शेटनी नवी आणली."

कंटेनर सील होऊन बंदराकडे निघालाही होता. हर्षलने तो थांबवायला सांगितलं. सील तोडलं तर जहाज चुकेल, म्हणून मामांनी साफ नकार दिला.

"आधी माल तुझी मामी भरून घ्यायची. ती असती तर तिनं डबी ओळखली असती," एवढंच ते म्हणाले.

साहेब रोज विचारत. चाचणी चालू आहे, असं हर्षल रोज सांगे. ते खोटंही नव्हतं.

महिन्याभराने मामांचा फोन आला. हॉलंडच्या गिऱ्हाइकाने डबीतले आकडे पाठवले होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत 1.0. मधे बंदरावर कंटेनरची थंडाव्याची मशीन बंद पडून, गिऱ्हाइकाला न कळता, तो अर्धा दिवस उन्हात उभा होता, तरीही 1.0. इतकं चोख टेंपरेचर आजवर पाहिलं नाही, असं गिऱ्हाइकाचं म्हणणं होतं.

हर्षल खुर्चीतून उठलाच. थंडीची चाचणी झाली होती, उकाड्याचीही झाली होती. प्रकल्प वाचला होता.

"मामा, डबी परत मागवा."

"मागवतो. तू मला तसल्या वीस दे."

"मामा, ते थर्मामीटर नाही. माल कितीही तापला तरी त्यावर काही दिसणार नाही."

"ते कळलंय रे," मामा म्हणाले. "म्हणून तर मागतोय."